स्मार्ट काठी प्रदर्शनातच का राहते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च-एप्रिल आला की नागपुरातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची प्रदर्शने भरतात आणि ‘अंधांसाठी स्मार्ट काठी’, ‘बोलणारा चष्मा’ अशा बातम्या फोटोसह छापून येतात. मुलांची कळकळ खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण जूनमध्ये ती काठी विभागाच्या कपाटात जाते आणि पुढच्या वर्षीची तुकडी तीच काठी पुन्हा पहिल्यापासून बनवायला घेते. अंध व्यक्तींसाठीचे तंत्रज्ञान हे एका सेमिस्टरचे काम नव्हे. आयुष्यभर पुरेल असे ते अभियांत्रिकीचे क्षेत्र आहे, आणि त्यात मराठी नीट जाणणाऱ्या अभियंत्यांची वानवा आहे. या क्षेत्रात काम करणारे म्हणून काही गोष्टी तपशिलाने मांडत आहोत.

आधी काठीचेच घेऊ. बहुतेक प्रकल्पांत एचसी-एसआर०४ हा प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक आर्डुइनो (छोटा नियंत्रक-बोर्ड), एक बझर आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. सेन्सर काठीच्या खालच्या टोकाजवळ बांधलेला असतो, आणि पहिली चूक इथेच होते. जमिनीवरचा दगड, खड्डा, पायरी हे साधी पांढरी काठी स्वतःच सांगते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी १९४४ च्या सुमारास लांब काठी डावी-उजवी फिरवत चालण्याची पद्धत बसवली, ती यासाठीच. काठीला कळत नाही ते गुडघ्याच्या वरचे: ट्रकचा उघडा फाळका, वाकलेली फांदी, बाहेर उघडणारी खिडकी. आणि आपल्याकडे उन्हाळाभर खिडकीबाहेर आलेला कूलर. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत त्याच्या पत्र्याचा कोपरा नेमका छातीच्या नाही तर कपाळाच्या उंचीवर येतो. तो भिंतीला ब्रॅकेटवर टांगलेला असेल तर काठी त्याच्या खालून मोकळी निघून जाते आणि माणूस धडकतो. आयआयटी दिल्लीने विकसित केलेली, २०१४ मध्ये बाजारात आलेली ‘स्मार्टकेन’ नेमका हाच प्रश्न सोडवते. तिचा सेन्सर मुठीवर असतो, रोख वरच्या दिशेने असतो, गुडघ्याच्या वरचा अडथळा तीन मीटरपर्यंत ओळखला जातो आणि इशारा कंपनाने मिळतो.

बझर नकोच. अंध व्यक्ती रस्ता कानांनी वाचते: ऑटो किती लांब आहे, मोटारसायकल वळते आहे की सरळ येते आहे, भिंत संपून गल्लीचे तोंड कुठे लागले. त्या कानात पिपाणी वाजवणे म्हणजे चालणाऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवण्यासारखे आहे. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीने आधीच निम्मे आवाज बुजलेले असतात. कान पूर्ण झाकणारे इअरफोनही याच कारणाने बाद.

कंपनासाठी मोबाइलमध्ये असते तशी दहा मिलिमीटरची नाण्याच्या आकाराची मोटर चालते. तीन व्होल्टला ती मिनिटाला साधारण १२,००० फेरे घेते, म्हणजे २०० हर्ट्झ. आपल्या त्वचेला सर्वांत चटकन कळणारे कंपन २५० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणून ही मोटर हातात चांगली जाणवते. ती मायक्रोकंट्रोलरच्या पिनेवर थेट जोडू नका. मध्ये ट्रान्झिस्टर आणि उलटा डायोड हवा, नाहीतर पिन जळते. सलग कंपन दिले तर तळहात मिनिटाभरात बधिर होऊन ते जाणवेनासे होते. म्हणून ठोके द्यावेत, अडथळा जवळ आला की ठोके भराभर. आणि ही मोटर हमखास बंद पडते ती तिच्या केसासारख्या दोन तारांपाशी. जोडावर गोंदाचा थेंब टाकून ताण काढला नाही तर पंधरा दिवसांत तार तुटते. काठी घडीची असेल तर नळीतून वायर नेऊच नये, कारण रोज दहा वेळा घडी होते त्या सांध्यातच ती कापली जाते. सगळे भाग मुठीच्या डबीत बसवावेत आणि डबी काठीवरून काढता यावी. काठी झिजते, वाकते, बदलते. डबी टिकली पाहिजे.

नागपूरच्या उन्हाचाही हिशोब धरावा लागतो. सेन्सरच्या तयार प्रोग्रामात आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलेला असतो, तो २० अंशांचा. ४५ अंशांना तो ३५७ च्या पुढे जातो. म्हणजे मे महिन्यात तीन मीटरवरचा अडथळा काठीला सुमारे १२ सेंटिमीटर अलीकडे दिसतो, आणि डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांना पाचेक सेंटिमीटर पलीकडे. या फरकाने कोणी पडत नाही आणि तापमान मोजणाऱ्या साध्या थर्मिस्टरने तो दुरुस्तही होतो. गंभीर चूक वेगळीच आहे. तिरकस ठेवलेल्या पत्र्यावरून ध्वनिलहर भलतीकडे उसळते, परत येतच नाही, आणि यंत्र ‘रस्ता मोकळा’ समजते. दुकानाबाहेर टांगलेल्या कापडाचेही असेच, ते लहर शोषून घेते. सेन्सरचे उघडे डोळे पावसात निकामी होतात. पाण्यापासून बंद असलेला जेएसएन-एसआर०४टी घेतला तर त्याला जवळचे २०-२५ सेंटिमीटर कळत नाही. प्रदर्शनात मात्र काठीसमोर सरळ पुठ्ठा धरतात आणि टाळ्या मिळतात.

बॅटरीचे दोन शब्द. नऊ व्होल्टच्या बॅटरीतले चार व्होल्ट, व्होल्टेज पाचवर आणणाऱ्या रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन वाया जातात. लिथियम सेल वापरावा, पण बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि मे महिन्यात इथे सावलीतला पारा तिथवर जातो. म्हणून चार्जिंगच्या सर्किटात तापमानाचा कट-ऑफ हवाच. चार्जिंगचे सॉकेट टाइप-सी ठेवा. ते उलटसुलट कसेही बसते, बोटाने चाचपून लावता येते. आणि ‘चार्जिंग पूर्ण’ हे सांगायला हिरवा दिवा ठेवलेली काठी आजही प्रदर्शनात सापडते! वापरणाऱ्याला तो दिवा कसा दिसणार, हा प्रश्न वर्षभरात एकाही वर्गात विचारला गेला नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

ब्रेलच्या प्रकल्पांचीही हीच गत. सहा सर्व्हो मोटरी लावून बटणाएवढे सहा ठिपके वरखाली करणारी पेटी म्हणजे ब्रेल नव्हे. खऱ्या ब्रेलमध्ये दोन ठिपक्यांतले अंतर अडीच मिलिमीटर आणि उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. बोटाच्या टोकाखाली सगळा आकार एका स्पर्शात मावला तरच ते अक्षर म्हणून वाचले जाते. मोठे केले की सहा वेगळे उंचवटे उरतात. संगणकाला जोडायच्या ब्रेल पट्टीत म्हणूनच पिझो सिरॅमिकच्या बारीक पट्ट्या वापरतात. सुमारे २०० व्होल्ट दिले की पट्टी किंचित वाकते आणि पिन वर उचलते. संगणकाच्या ब्रेलमध्ये सहाऐवजी आठ ठिपके असतात, म्हणून एका घरात (एका अक्षराच्या जागेत) आठ पिना, चाळीस घरांच्या पट्टीत ३२० पट्ट्या. किंमत तिथेच चढते. मुंबईच्या इनोव्हिजनने ‘ब्रेलमी’मध्ये पिझो टाळून विद्युतचुंबकाचा मार्ग घेतला, तो हा खर्च उतरवण्यासाठीच. विद्युतचुंबकाला उष्णता आणि जागा आवरणे अवघड असते. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी एकत्र डोके लावावे असा हा प्रश्न आहे, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

पण खरे सांगायचे तर यंत्रांपेक्षा मोठी निकड मजकुराची आहे. शिकलेली अंध व्यक्ती आज दिवसभर वाचते ती पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने: मोबाइलवरच्या टॉकबॅकने किंवा संगणकावरच्या एनव्हीडीएने. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर पूर्ण मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि बराचसा पायथनमध्ये आहे. इंग्रजीत तो लोण्यासारखा चालतो. मराठीत ठेच लागते, आणि ती कुठे लागते हे मराठी माणसालाच कळते.

एक प्रयोग कोणीही करावा. एखादे मराठी परिपत्रक पीडीएफमध्ये उघडा, चार ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. चिकटलेच नाही तर ते स्कॅन केलेले चित्र आहे. स्क्रीन रीडरला ते कोरे पान. रोमन अक्षरे, कंस आणि अवतरणचिन्हांचा चुरा पडला तर मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. डोळ्यांना मराठी दिसते, संगणकाला ती मराठी नाहीच. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. फॉन्ट युनिकोड (अक्षरांच्या सर्वमान्य संगणकीय संकेतांचा), पण पीडीएफ बनवताना अक्षरांचा क्रम दिसण्याप्रमाणे ठेवला गेला. मग ‘शिक्षण’चे ‘िशक्षण’ होते आणि यंत्र प्रत्येक ऱ्हस्व वेलांटीला अडखळते.

त्याहून बारीक गोष्टी आहेत. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. पुष्कळसे कन्व्हर्टर ते न दिसणारे चिन्ह कचरा समजून काढून टाकतात, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. ‘ॲप’मधला ‘ॲ’ एका संकेताचाही असतो आणि ‘अ’वर चंद्र देऊन दोन संकेतांचाही, दिसायला सारखा, पण शोधायला गेले की एक सापडतो, दुसरा नाही. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च लिहायला एकच, बोलायला दोन. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ हा आशीर्वाद, यांचेही तेच. बोलणाऱ्या प्रणालीला हे शब्दागणिक शिकवावे लागते. ईस्पीक एनजी या खुल्या प्रणालीत मराठीच्या नियमांची आणि अपवाद-शब्दांची साध्या मजकुराची फाइल आहे. ती उघडून कोणीही सुधारणा सुचवू शकतो. वेबपानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदवलीच नाही, किंवा आळसाने ‘हिंदी’ नोंदवली, तर हे सगळे कष्ट वाया जातात आणि मराठी बातमी हिंदी वळणाने ऐकावी लागते.

ब्रेलमध्ये मराठी कशी बसते हेही शिकण्यासारखे आहे. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये काना-मात्रा-वेलांटी नाहीत. व्यंजनापुढे पूर्ण स्वर येतो, ‘कि’ म्हणजे ‘क’ आणि पुढे ‘इ’. मग ‘मू’ आणि ‘मऊ’ वेगळे कसे? ‘मऊ’ लिहिताना मध्ये ‘अ’ घालतात. जोडाक्षरात हलन्ताचा ठिपका व्यंजनाच्या आधी येतो, आपल्या लिहिण्याच्या उलट. हे नियम लिबलुई या खुल्या सॉफ्टवेअरच्या तक्त्यांत लिहिलेले असतात आणि त्यातली एक चूक शेकडो पुस्तकांत उतरते. मराठी व्याकरण आणि प्रोग्रामिंग दोन्ही येणारा माणूस इथे सोन्यासारखा.

आता कारकिर्दीचे. ‘यात पोट भरते का?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. सॉफ्टवेअरच्या बाजूला निश्चित भरते. संकेतस्थळे आणि ॲप अंध व्यक्तींना वापरता येतात की नाही हे तपासणे आणि दुरुस्त करणे हे आता मोठ्या कंपन्यांत स्वतंत्र पद आहे. त्याला कायद्याचे पाठबळ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम ४२ माहिती-तंत्रज्ञान सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याजोगे, असण्याबद्दल आहे. यासाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून केवायसी सुगम करण्यासाठी वीस निर्देश दिले. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनेही जुलै २०२५ मध्ये शेअर बाजाराशी संबंधित संस्थांना सुगम्यतेची तपासणी प्रमाणित तज्ज्ञांकडून करून घ्यायला सांगितले. युरोपचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे, म्हणजे इथल्या मिहान उद्योगक्षेत्रात बसून युरोपीय ग्राहकांचे काम करणाऱ्यांच्याही दारात हा विषय आला.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. एनव्हीडीए उतरवून घ्या, मॉनिटर बंद करा आणि माउसला हात न लावता एक वीजबिल भरून पाहा. टॅबने पुढे सरका, एचने शीर्षकावरून शीर्षकावर जा, बीने बटणे शोधा, इन्सर्ट आणि एफ७ दाबून पानावरच्या दुव्यांची यादी पाहा. ‘बटन, बटन, बटन’ एवढेच ऐकू आले तर बटणांना नावे दिलेली नाहीत. चुकीचा आकडा भरल्यावर यंत्र गप्प बसले तर चूक फक्त लाल रंगाने दाखवली आहे. कॅप्चाला आवाजाचा पर्याय नाही, ओटीपीची वेळ ऐकता ऐकता संपते, तारखेच्या चौकटीत शिरल्यावर बाहेर पडता येत नाही: हे दोष पुन्हापुन्हा भेटतील. प्रत्येक दोष कुठे, कसा घडतो आणि कोडमधल्या कोणत्या ओळीने सुटतो हे लिहायला शिका. मुलाखतीत हीच वही उपयोगी पडते. मग डब्ल्यूसीएजी २.२ ही सुगम संकेतस्थळांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे वाचा. सुगम्यता-तज्ज्ञांच्या आयएएपी या आंतरराष्ट्रीय संघटनेची सीपीएसीसी ही पायाभूत परीक्षा आणि वेबसाठी डब्ल्यूएएस, या जगभर मानल्या जातात. पूर्ण अंधत्वापेक्षा अल्पदृष्टी असलेले लोक कितीतरी जास्त आहेत हेही विसरू नये. त्यांच्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला भेद किमान ४.५ ला १ हवा; फिकट करड्या अक्षरांची सध्याची हौस त्यांचा घात करते.

यंत्रांच्या बाजूला वाट खडतर आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. संख्या लहान, प्लॅस्टिकच्या साच्याचा खर्च लाखांत, आणि सरकारी खरेदीत बहुधा कमी दराची निविदा जिंकते. सर्वांत अवघड दुरुस्ती. गडचिरोलीतल्या माणसाची काठी बिघडली तर ती नागपूरला येऊन परत जायला महिना लागू नये, याचा विचार डिझाइनच्या पहिल्या दिवशी करावा लागतो. सेल डकवलेला नको, बदलता यावा. स्क्रू नेहमीचे हवेत. मोटर सीताबर्डीच्या दुकानात मिळावी. ज्याला हे जमते त्याला या क्षेत्रात तोड नाही.

आणि हे काम डोळस लोकांनीच अंधांसाठी करायचे, असेही नाही. पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. आयआयटी मुंबईतून ते कॉर्नेलला गेले, १९९४ मध्ये त्यांनी गणिताची सूत्रे आवाजात मांडणाऱ्या प्रणालीवर डॉक्टरेट मिळवली आणि पुढे गूगलमध्ये काम केले. आपल्याकडच्या पाठ्यसामग्रीत सूत्रे आजही चित्र म्हणून डकवलेली असतात. ती मॅथएमएल या गणिती सूत्रांच्या संगणकीय भाषेत लिहिली तर अंध विद्यार्थी अंश कुठे संपला आणि छेद कुठे सुरू झाला हे ऐकू शकतो. बारावीपर्यंतची सूत्रे तशी लिहून काढणे हा एका तुकडीचा उत्तम प्रकल्प होईल.

नागपुरातल्या कॉलेजांना म्हणून काही सांगणे आहे. पहिले दोन आठवडे सोल्डरिंग बंद. अंध व्यक्तीच्या मागे चाला, सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकापासून बसथांब्यापर्यंत, आणि काठी कुठे अडली, माणूस कुठे थांबला, कोणाला काय विचारले याची नोंद करा. नमुना तयार झाला की किमान पाच जणांना प्रत्येकी दहा दिवस घरी वापरायला द्या. प्रयोगशाळेतली दहा मिनिटे ही चाचणी नव्हे. अकराव्या दिवशी तो खुंटीला टांगलेला दिसला तर कारण विचारा आणि अहवालात तेच पहिले लिहा. चाचणी करणाऱ्यांना मानधन द्या. ते तज्ज्ञ म्हणून वेळ देतात. पुष्पगुच्छ आणि फोटोवर त्यांची बोळवण होऊ नये. पुढच्या तुकडीला नवा विषय न देता मागच्यांची फाइल, सर्किट आणि तक्रारींची यादी द्या. तीन तुकड्या एकाच काठीवर लागल्या तर ती रस्त्यावर टिकेल. आणि काठीशिवाय दुसरे विषय आहेतच. पाचशे आणि दोनशेच्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबीत फरक फक्त चारचा, १५० आणि १४६. कडेच्या उठावाच्या रेषा वापराने झिजतात. रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे ॲप २०२० पासून आहे, पण मळक्या, दुमडलेल्या नोटेसाठी आणखी काम हवे. असे ॲप बनवणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. खात्री नसेल तेव्हा त्याने ‘नोट ओळखता आली नाही’ म्हणावे, अंदाज सांगू नये. अंदाज चुकला तर पैसे वापरणाऱ्याचे जातात.

शेवटी एक विनंती आपल्याकडे. मराठी ई-पेपरची पाने बहुधा चित्राच्या रूपात असतात. हे पत्र छापलेत तर ते संकेतस्थळावर युनिकोड मजकूर म्हणूनही टाकावे, भाषा ‘मराठी’ नोंदवून. ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांना ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागू नये.

आपले,
सहायक तंत्रज्ञानात काम करणारे दोन अभियंते,
नागपूर